बोटीच्या इंजिनाच्या रबरी नळ्या

(सानगडी येथील सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सव समितीनें विषयाची निवड मजवर सोंपविली, आणि मीं विषय सांगतांच एकदोघांना हसूं आवरेना. सानगडीपासून समुद्र शेंकडों कोस दूर. येथें तलाव आहेत, आणि तलावांत धीवर बांधवांचा डोंगा मनगटाच्या बळावर चालतो. त्याला इंजिनच नाहीं, मग इंजिनाची नळी कोठली? परंतु अर्नाळा, पाचूबंदर, उत्तन या किनाऱ्यावर आपले पुष्कळ कोळी धर्मबांधव या नळ्यांच्या भरंवशावर रात्रीं समुद्रांत जातात, आणि ज्याच्या शेतावर डिझेल पंप आहे त्याला त्यांची अडचण समजण्यास कठीण नाहीं.

धानाचे पऱ्हे सुकूं लागले, पावसानें ओढ दिली, कीं तुम्ही नाल्यावर पंप लावतां. सक्शन पाइपाला बारीक चीर पडली तर पंप वारा घेतो, पाणी उचलत नाहीं. पाइप जुना होऊन चपटा झाला तरी तेंच. येथें नुकसान धानाचें होतें. समुद्रांत तें माणसांचें होऊं शकतें.

डिझेल जळून जी उष्णता उत्पन्न होते तिचा निम्म्याहून कमी भाग बोट चालविण्याच्या कामीं येतो. उरलेली उष्णता बाहेर काढलीच पाहिजे, आणि बोटीच्या पोटांत मोटारीसारखा वारा मिळत नाहीं. म्हणून बहुतेक चांगल्या इंजिनांत दोन पाणी असतात. एक गोडें, कूलंट मिसळलेलें. तें इंजिनाच्या आंतच फिरत राहतें. दुसरें समुद्राचें, बोटीच्या तळाच्या छिद्रांतून पंप तें ओढतो, कूलरमध्यें तें गोड्या पाण्याची उष्णता घेतें व बाहेर पडतें. कांहीं बोटींची रचना निराळी असते, पण रबरी सांधा कोठेंहि चुकत नाहीं. इंजिन सारखें थरथरतें, बोटीची फळी स्थिर असते. मध्यें ताठ धातूची नळी घातली तर ती तडकेल.

आतां या दोन पाण्यांचा भेद ध्यानांत घ्या. गोड्या पाण्याची नळी फुटली तर इंजिन तापून बंद पडतें. समुद्राच्या पाण्याची, तळाशीं असलेली नळी फुटली, तर बोट बुडूं शकते. इंजिन बंद केलें तरी पाणी थांबत नाहीं, कारण तें लोटणारा पंप नसून समुद्र आहे. पाण्याखालीं अर्धा मीटर असलेल्या २५ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रांतून मिनिटाला सुमारें ५० लिटर पाणी आंत येतें. एका तासांत तीन टन. माझ्या मतें ती नळी बोटीच्या तळाचाच भाग समजावी. तिच्या मुळाशीं एक कॉक असतो. तुमच्या मालगुजारी तलावाला जें तुडुम, तोच बोटीला हा कॉक. मात्र वर्षभर न फिरविलेला कॉक ऐन वेळीं फिरत नाहीं.

चार्ल्स गुडइयर यानें १८३९ सालीं गंधक व उष्णता यांच्या योगें रबर टिकाऊ करण्याची युक्ति शोधली. आजच्या नळ्या बहुधा कृत्रिम रबराच्या असतात, पण उष्णतेनें व हवेनें तेंहि कडक होतें, आणि तेल लागलें तर पुष्कळ जातींचें रबर फुगून भुसभुशीत होतें. गोड्या पाण्याच्या नळ्यांना तर आंतून चिरा पडतात. बाहेरून नळी अगदीं नवी दिसते! यास्तव "गळेल तेव्हां पाहूं" हा हिशेब येथें चालत नाहीं. पांच वर्षें झालीं कीं नळी बदलावी, आणि ती ठणठणीत दिसते म्हणून मालकानें कुरकुर करूं नये. पैसे किनाऱ्यावरच्या मालकाचे वांचतात, बोटीवर तांडेल व खलाशी असतात. हा व्यवहार मला न्याय्य वाटत नाहीं.

या कामास वेळ नाहीं असेंहि नाहीं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते व बोटी शाकारलेल्या असतात. पाण्यांत उभ्या बोटीवर हें करावयाचें झाल्यास प्रथम कॉक बंद करावा. इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें. तापलेल्या इंजिनाचें झांकण उघडलें तर उकळतें पाणी तोंडावर येतें. जुनी नळी पेंचकसानें उचकटूं नये, तिच्या लांबीनें चीर देऊन सोलून काढावी, म्हणजे कूलरचें तोंड मोडत नाहीं. नवी नळी आंतल्या व्यासानें मोजून घ्यावी. समुद्राचें पाणी ओढणारी नळी तारेची, जाड, याच कामाची असावी. बागेला पाणी घालण्याची नळी तेथें बसविणें म्हणजे शुद्ध आत्मघात. बसवितांना तोंडाला साबणाचें पाणी लावावें, ग्रीस नव्हे. क्लिप सर्वस्वी स्टेनलेस असावी, तिचा स्क्रूहि. आणि तळाच्या नळीला, तोंडाची लांबी पुरत असल्यास, प्रत्येक टोंकास दोन क्लिपा. क्लिप तोंडावरील उंचवट्याच्या आंतल्या अंगास बसते. उंचवट्यावरच आवळली तर ती घसरते.

मग कूलंट हळूहळू भरून वारा काढावा, इंजिन तापेपर्यंत चालवून प्रत्येक सांधा हातबत्तीनें पाहावा, आणि थंड झाल्यावर क्लिपा पुन्हा तपासाव्या. काढलेलें कूलंट उघड्यावर ठेवूं नये. बहुतेक कूलंट चवीला गोड व जहरी असतें, मुलें व कुत्रीं त्याला फसतात.

राहिला तो कॉक. महिन्यांतून एकदां तो फिरवावा, आणि हंगामाच्या पहिल्या फेरीपूर्वीं तांडेलानें प्रत्येक खलाशाला, कालच कामावर आलेल्या पोरालाहि, इंजिनाच्या खणांत उतरवून दिवा विझवावा व अंधारांत चांचपून त्याच्याकडून तो बंद करवून घ्यावा.