‘साखर होती’ म्हणून नको?

अवयवदानाचं नाव निघालं की घरचे लोक परस्पर सांगून टाकतात, “त्यांना साखर होती हो, त्यांचं काही कुणाच्या उपयोगाचं नाही.” मधुमेह्याचं स्वादुपिंड दुसऱ्याला बसवत नाहीत, कबूल. पण संशोधनाला तेच हवं असतं!

लोणचं बिघडलं तर आपल्या आज्या बरणी लगेच उकिरड्यावर ओतत नसत. शेजारी चांगली बरणी ठेवून बघत. मीठ कमी पडलं, की कुणी ओला चमचा घातला? अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात, गेन्सव्हिलला, २००७ पासून हेच चाललंय. ‘एनपॉड’ नावाचा उपक्रम. नातेवाइकांच्या संमतीनं मृतांची स्वादुपिंडं बर्फात घालून तिथं येतात. टाइप वन मधुमेह्यांची येतात, निरोगी माणसांचीही येतात. आणि सगळ्यात मोलाची बरणी कुठली? कडेला नुकता बुरा धरलेली! म्हणजे रक्तात स्वादुपिंडावरच उठलेल्या अँटिबॉडी दिसताहेत, पण साखर अजून वाढलेली नाही, अशा माणसाची.

घाई फार करावी लागते. स्वादुपिंडातले पाचकरस मृत्यूनंतर त्यालाच पचवायला लागतात. बरं, जिवंतपणी तुकडा काढावा, तर नॉर्वेत ६ जणांचा काढला, गुंतागुंत झाली, काम थांबवावं लागलं. उंदरावर भागवा म्हणाल, तर उंदराचा मधुमेह कितीतरी उपायांनी आटोक्यात आलाय. माणसाचा? असो.

या दानातून दिसलं काय, तर वर्षानुवर्षं इन्सुलिन टोचणाऱ्यांच्या स्वादुपिंडातही इन्सुलिन बनवणाऱ्या काही बीटा पेशी तग धरून होत्या. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, सगळ्या मरतात म्हणून. बरणी ओतून दिली असती तर कळलं असतं का?

पुन्हा सांगतो, साखर होती म्हणूनच हवं.

आणि आपलं काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलं की दिसायला सडपातळ अशा भारतीय माणसाच्या अंगात चरबी जास्त असते. म्हणजे आपल्याकडचा टाइप टू मधुमेहही वेगळ्या वाटेनं येतो. मग कोल्हापूरच्या बरणीचा दोष गेन्सव्हिलच्या बरणीत कसा सापडायचा? इथं अशी सोय मोठ्या प्रमाणावर व्हायला हवी.

एवढं करा, घरी बोलून ठेवा. चालेल की नाही ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही आधीच ‘नाही’ म्हणू नका. नेत्रदान तर मधुमेह्यालाही करता येतं.