घरातला लवाद



आम्ही काही विद्वान नव्हे. आमची शाळा म्हणजे जिनिंगचे फाटक आणि युनियनची कचेरी. 30 वर्षे मालकांपुढे आमचे एकच मागणे : निकाल देण्याआधी आमची बाजू ऐका.

गांधीजींचा 1918 सालचा अहमदाबादचा लढाही त्यासाठीच होता. त्यांच्या उपवासानंतर मालकांनी लवाद मानला आणि अखेर गिरणीकामगारांच्या पदरात 35 टक्के वाढ पडली.

पण घरी काय झाले? थोरला हरिलाल दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रहासाठी पुनःपुन्हा तुरुंगात गेला. विलायतेच्या शिक्षणाची संधी मात्र आधी चुलत पुतण्या छगनलालला, मग सोराबजी अडाजानियांना मिळाली. पोटच्या पोराला झुकते माप नको, हा बापाचा बाणा! 1911 साली मुलगा दुरावला. 1915 साली त्याने बापाला छापील पत्र लिहिले. ते जणू मागणीपत्रकच होते. पण येथे लवाद कोठला? फिर्याद बापाकडे, निकालही बापाचाच. बापामागे पाच महिन्यांच्या आत, 18 जून 1948 रोजी, हरिलाल मुंबईत वारला.

थोरांचे दोष काढायला आम्ही उभे नाही. आम्ही कामगारांच्या पोरांसाठी फीमाफीचे अर्ज लिहिले. आमच्या मुलाला मात्र "तू मागायचे नाहीस" म्हणून गप्प केले. आज त्याचे पत्र येते, ते आईच्या नावाने.

उद्या आम्ही त्याच्या दाराशी जाणार आहोत. या खेपेस मागणे त्याचे. आम्ही फक्त ऐकणार.