भाडेकरू ठेवताना

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



बँकेत ३६ वर्षे काढलेल्या माणसाच्या हाती माईक दिला की तो हिशोबच मांडणार. आजचा हिशोब माझ्याच चुकीचा आहे.

बारा वर्षांपूर्वी माझा वरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. एक तरुण आला. नोकरी चांगली, पगाराच्या स्लिपा सोबत, आधीच्या घरमालकाचा नंबरही त्याने आपणहून दिला. मी आडनाव विचारलं आणि "कळवतो" म्हणालो. कळवलं नाही. पुढच्या आठवड्यात 'आपल्यातलंच' एक कुटुंब आलं. ना पगार पाहिला, ना चौकशी केली. करार साध्या स्टॅम्पपेपरवर, नोंदणीशिवाय. सहा महिन्यांत भाडं थांबलं.

वकिलांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ दाखवलं. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे फसलो मी, आणि कायद्याने चुकलोही मीच!

बँकेत आडनाव बघून कर्ज मंजूर केलं असतं, तर ऑडिटरने मला सोडलं असतं का? मग घराच्या बाबतीत माझी अक्कल कुठे गेली होती?

तेव्हापासून मी एक कागद ठेवलाय. येणाऱ्या प्रत्येकाला तेच प्रश्न: राहणार किती जण, उत्पन्न किती, किती महिन्यांसाठी, आधीच्या मालकाचा फोन. जात, धर्म, ताटात काय वाढतात, लग्न झालंय का, हे त्यात नाही. जो आधी आला आणि कागदात बसला, त्याला घर. नकार द्यायचा तर त्याच दिवशी, कारण सांगून. आधारची प्रत घेतो ती शेवटचे चारच आकडे दिसणारी. करार नोंदवतो, पोलीस ठाण्याला माहिती देतो, सोसायटीला प्रत देतो. नोंदणीकृत कराराचा फायदाही आहे: मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं मागता येतं.

कमिटीलाही एक विनंती. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर ना-वापर शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येतं. ते जरूर घ्या, पण "बॅचलर नको, अमुक नको" असे तोंडी नियम नकोत. मी सेक्रेटरी असताना तेही केलंय, म्हणून सांगतो.

गेल्या वर्षी माझा नातू बंगळूरला घर शोधत होता. दोन ठिकाणी त्याला "कळवतो" म्हणाले. त्याने फोनवर हे सांगितलं, तेव्हा मला तो तरुण आठवला. त्याचा नंबर माझ्या डायरीत अजून आहे. फोन करायचं धाडस मात्र झालेलं नाही.

पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, रंग काढला. आता एवढंही बदलू या.