श्रद्धेची किंमत कोणी मोजायची?



स्नेहसंमेलनात पाहुण्याने ‘श्रद्धा ठेवा, भीती सोडा, मूल्यं जपा’ असं सांगायचं आणि तुम्ही टाळ्या वाजवून पुढच्या नाचाची वाट पाहायची, हा रिवाज मला ठाऊक आहे. उपदेश वाईट नाही, पण अपुरा आहे. श्रद्धा काय, जवळपास प्रत्येकाकडे असतेच. देवावर नसेल तर विज्ञानावर, विचारावर, नाहीतर घराण्याच्या रीतीवर असते. अडचण तिच्या पुढे सुरू होते. एक श्रद्धा माणसाला वाढवते, दुसरी त्याला आहे तिथेच खुंटवते, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मग ओळखायचं कसं? 1947 साली पंढरपुरात या दोन श्रद्धा समोरासमोर आल्या होत्या. मी तेवढंच उदाहरण घेणार आहे.

विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराशी नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोर संत चोखामेळा, म्हणजे चोखोबांची समाधी. या संताचे अभंग वारकरी शतकानुशतकं टाळमृदंगावर गात आले. गाणारे आत जाऊन विठोबाच्या पायांवर डोकं टेकवायचे. चोखोबांच्या, अस्पृश्य मानलेल्या जातीतला माणूस मात्र त्या समाधीपाशी थांबायचा, तिथूनच हात जोडायचा आणि माघारी फिरायचा. यात काही विपरीत घडतंय असं फारच थोड्यांना वाटायचं. अडवणारे सगळे दुष्ट होते असं समजू नका. त्यांच्यातही भाविक होते, नेमाने पूजाअर्चा करणारे होते. देव बाटेल, परंपरा मोडेल, आपल्या हातून पाप घडेल, ही त्यांची भीती ढोंगी नव्हती. काहींचे हक्क आणि उत्पन्न त्यात गुंतलं होतं हेही खरं, पण सगळा विरोध पैशाच्या खात्यावर टाकणं सोपं आहे आणि चूक आहे.

समोर उभे राहिले साने गुरुजी, तेही श्रद्धावानच. धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबा भाव्यांनी गीतेवर दिलेली प्रवचनं त्यांनीच टिपून घेतली, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आहेत. त्याआधी ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. स्वभाव इतका हळवा की ‘रडके’ म्हणून त्यांची चेष्टा व्हायची, अजूनही होते. धैर्य म्हणजे मिशीला पीळ, असं आपल्याकडे उगाचच समजलं जातं. या डोळे भरून येणाऱ्या मास्तरांनी ठरवलं, की पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं होईपर्यंत प्राणांतिक उपोषण करायचं.

निर्णय 1946 च्या अखेरीचा होता. सहकारी म्हणाले, आधी लोकांपर्यंत जाऊ. गुरुजींनी उपोषण पुढे ढकललं आणि काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला. बरोबर राष्ट्र सेवा दलाचं कलापथक होतं. मला स्वतःला उपोषणापेक्षा हा दौरा महत्त्वाचा वाटतो. गावातल्या माणसाची भीती देवाच्या कोपाइतकीच शेजाऱ्याची असते. आपण विहीर खुली केली तर भावकी काय म्हणेल, मुलीची सोयरीक मोडेल का, उद्या पेरणीला बैलजोडी कोण देईल? एकट्याने ही भीती झटकणं अवघड असतं. सभेत दहा हात वर गेले की अकरावा सहज जातो. त्या दौऱ्यात गावोगावी विहिरी आणि देवळं खुली झाली. मग 1 मे 1947 रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं. काँग्रेसचे नेते दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली आणि दहा-अकरा दिवसांत मंदिर खुलं करायला संमती मिळाली.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. मरायची भीती घालून दुसऱ्याकडून हवं ते करवून घेणं हा दबावच नाही का? दबाव होता, नाकारण्यात अर्थ नाही. तरी एक फरक राहतो. दार बंद ठेवणाऱ्यांच्या श्रद्धेची किंमत बाहेर थांबलेला माणूस मोजत होता, पिढ्यान्‌पिढ्या. गुरुजींच्या श्रद्धेची किंमत त्यांचं स्वतःचं शरीर मोजत होतं. माझ्या मते कसोटी हीच: माझ्या श्रद्धेचं बिल कोणाच्या नावावर फाटतंय? ते सतत दुसऱ्याच्या नावावर फाटत असेल, तर त्या श्रद्धेत माझी वाढ होण्याचा संभव नाही, कारण मला काहीच सोडावं लागत नाही.

दुसरा पेच याहून नाजूक. खुद्द गांधीजींनी तार करून हे उपोषण सोडायला सांगितलं. ज्यांच्या शब्दाखातर नोकरी सोडली, तुरुंग भोगले, त्यांचाच नकार आला. विरोधकाला तोंड देणं त्यामानाने सोपं असतं. आपल्या आदर्शाची नाराजी पत्करताना खरा कस लागतो. गांधीजींपर्यंत वस्तुस्थिती नीट पोचलेली नाही असं गुरुजींना वाटलं आणि त्यांनी आदर न सोडता उपोषण चालू ठेवलं. मागे बसलेल्या पालकांच्या कपाळावर आठी पडली असेल: म्हणजे मुलांनी आता थोरांचं ऐकायचंच नाही का? ऐकायचं. पण इथे अवज्ञा करणाऱ्याला स्वतःसाठी काहीही मिळवायचं नव्हतं. मोबाइलसाठी रुसून बसणाऱ्याने गुरुजींचा दाखला देऊ नये.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. देवळात शिरून कोणाचं पोट भरलं? कोणाची जात गेली? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. 1935 मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि 1956 मध्ये नागपुरात लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. पंढरपूरचं दार उघडल्याने त्यांचं म्हणणं खोटं ठरत नाही. जात त्यानंतरही शिल्लक राहिली, हे आपण रोज पाहतो. मी गुरुजींचा मार्ग पुरेसा होता असं म्हणत नाही. पण दोन्ही माणसांना तीच कसोटी लावून पाहा. एकाने प्राण पणाला लावले; दुसऱ्याने जन्माने लाभलेला धर्म सोडला, आणि तोही एकवीस वर्षं विचार करून. विरुद्ध दिशांना गेलेल्या दोघांनीही आपल्या श्रद्धेची किंमत स्वतः चुकती केली.

तुम्हाला कोणी उपोषण करायला सांगत नाही. पण कॉलेजात, वसतिगृहाच्या मेसमध्ये आडनाव विचारून माणूस जोखला जातो. ‘कोट्यातला’ म्हणून एखाद्याची टर उडवली जाते आणि टेबलावरचे बाकीचे हसतात, कारण न हसणारा ग्रुपमधून बाहेर पडेल ही भीती असते. पुढच्या वेळी असं घडेल तेव्हा हसू नका, आणि जमलं तर ज्याची टर उडाली त्याच्या शेजारी ताट घेऊन जाऊन बसा. तुमच्यातल्या दोघा-चौघांनी एवढं केलं तरी मला इथे बोलावल्याचं चीज होईल.