यंत्रशाळेतील लाकूड आणि माळव्याची हवा

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली देवास थोरल्या पातीचे अधिपती तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने देवासला राहिले. तेथून त्यांनी घरी धाडलेली पत्रे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या ग्रंथात प्रसिद्ध झाली. राजवाड्यात त्यांना दोन पियानो, एक हार्मोनियम अशी वाद्ये दिसली. सारी कोरी करकरीत, परंतु वाजण्याजोगे एकही नव्हते. पट्ट्या अडकलेल्या आणि चौकटी कोरड्या हवेने तडकलेल्या! लाकूड एका हवेत सुकविले गेले आणि दुसऱ्या हवेत येऊन पडले, एवढेच तेथे घडले होते.

श्रोतेहो, धार आणि देवास येथील जुन्या घरांतून, कचेऱ्यांतून, शाळांतून आणि चर्चमधून आजही यंत्रशाळेत घडलेले परदेशी लाकडी सामान अधूनमधून आढळते. ‘कारखान्याचा माल’ म्हणून त्याची उपेक्षा होते. ही उपेक्षा रास्त नाही.

या मालाची परंपरा अमेरिकेत चांगलीच जुनी आहे. कनेक्टिकट प्रांतात लॅम्बर्ट हिचकॉक याने १८२० च्या सुमारास पाण्याच्या शक्तीवर यंत्रे चालवून खुर्च्यांचे एकसारखे भाग कातविण्यास प्रारंभ केला. पाठीवर साच्याने सोनेरी फळाफुलांची नक्षी उमटविलेली त्याची खुर्ची सामान्य कुटुंबालाही परवडू लागली. पुढे मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स हे नगर या उद्योगाचे केंद्र बनले. नदीचे पाणी आणि सभोवतालची अरण्ये ही त्याची पुंजी होती. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात तेथील मालाने लौकिक मिळविला. जे पूर्वी श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच शोभत असे, ते शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या घरी पोहोचले. हेच या सामानाचे ऐतिहासिक महत्त्व होय.

अशा वस्तूचे वय ती वस्तूच सांगते. टेबलाचा खण बाहेर ओढून त्याच्या बाजूचा सांधा पाहावा. अर्धवर्तुळ आणि त्याच्या मधोमध गोल खुंटी, अशी यंत्राने कातलेली रांग दिसली, तर तो खण बहुधा अमेरिकन असून साधारणतः १८७० ते १९०० या काळातील आहे असे समजावे. म्हणून अशा खणाला नवी फळी जोडणे म्हणजे त्याच्या जन्मपत्रिकेचे पान फाडणे होय.

आणखी एक गोष्ट आपल्याशी अधिक निकटची आहे. १९२० च्या दशकात नवी रासायनिक रोगणे येईपर्यंत अमेरिकन सामानावर मुख्यत्वे चपडा लाखेचे पॉलिश असे, आणि ही लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातून जाई. छोटा नागपूरच्या जंगलातील किड्यांनी निर्मिलेली लाख सातासमुद्रापलीकडे जाऊन तेथील लाकडावर चढली, आणि कधीकधी त्याच लाकडाबरोबर परतही आली. तिला परके कसे म्हणावे?

आता रक्षणाविषयी. लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. ते लांबीला जवळजवळ वाढत नाही, परंतु आडवे फुगते आणि आकसते. मे महिन्याच्या रखरखीत वाऱ्यानंतर श्रावणातील दमट हवा आली, की फळी हलू पाहते. तिला खिळ्यांनी घट्ट जखडले असेल, तर ती फाटते. म्हणून तडा दिसताच खिळे ठोकू नयेत. सामान खिडकीच्या उन्हात, पाण्याच्या कूलरसमोर किंवा ओल्या भिंतीला टेकून ठेवू नये. हवेतील चढउतार जितका मंद, तितके लाकडाचे आयुष्य दीर्घ.

जुने सांधे सरसाने जोडलेले असतात. सरस ऊब आणि ओलावा यांनी सुटतो, त्यामुळे सांधा इजा न होता उकलता येतो. आजचे कायमचे चिकटणारे पदार्थ ही सोय हिरावून घेतात. पॉलिश लाखेचे आहे की नाही, हे पाहण्यासाठी आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा एक थेंब लावावा. लाख असेल तर ती मऊ पडते. हे कळल्यावर काचकागद हाती घेण्याचा मोह आवरावा. मूल्यवान लाकडाचा वरचा पापुद्रा कित्येकदा फारच पातळ असतो. एकदा घासला गेला, की तो कोणत्याही द्रव्याने परत येत नाही. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसणे, वाळवीवर लक्ष ठेवणे आणि जाणत्या सुताराला दाखविल्यावाचून काही न करणे, एवढे पुष्कळ झाले.

माळव्याने एक धडा पूर्वीच घेतला आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या दशकारंभी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग राजवाडा सजविला. काच, धातू आणि पोलादी नळ्या यांचे ते नवयुगीन सामान १९८० साली मोनाको येथे लिलावात विकले गेले, आणि जगभर विखुरले. वास्तू इंदुरात राहिली, तिचा आत्मा मात्र परदेशी गेला.

त्या राजवैभवापुढे धार-देवासच्या घरांतील एखादे टेबल किंवा खुर्ची लहानच. परंतु भंगारवाल्याच्या गाडीवर ती चढविण्यापूर्वी तिचा खण एकदा तरी ओढून पाहावा. शंभर वर्षांपूर्वीचे कष्ट, एका दूरच्या नगराचा उद्योग आणि आपल्याच रानातील लाख त्या लाकडात एकत्र नांदत असतील. ते जपण्यासाठी पैशाहून अधिक संयमच लागतो.