सरीनंतरचा माळ

बारामती तालुक्यातलं सुपे हे गाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतं. इथलं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं, पण या छोट्याशा माळावर चिंकारा मोकळे हिंडतात.

दुष्काळाच्या वर्षी इथला मुरूम उन्हानं दगडासारखा होतो. अशात वळवाची एखादी सर पडून गेली की पायवाटेचं रूपच पालटतं. आधी येतो तो वास. मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात आणि थेंब आपटले की ते हवेत उधळतं. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी मृद्गंधाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं.

मग खाली वाकून बघावं. ओल्या मातीवर लाल मखमलीचा ठिपका चालत असतो. हा मृगाचा किडा! म्हणायला किडा, पण पाय आठ. त्याचं नातं कोळ्याशी. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखाली काढतो. शेजारीच चिखलात चिंकाऱ्याच्या खुरांचे टोकदार जोडठसे उमटलेले दिसतात.

एका सरीनं दुष्काळ हटत नाही.

उघड्या, टणक जमिनीवरून पाणी वाहून जातं. कुसळी, पवन्या अशा गवतांची ठोंबं जिथे टिकून असतात, तिथे मात्र ते मुरतं. बोटानं माती उकरली तर बुंध्याशी ओल लागते.

ही ठोंबं तुडवली जाऊ नयेत, म्हणूनच चालणाऱ्यानं वाट सोडू नये. शिवाय माळटिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि मातीच्या रंगाची ती अंडी पायाखाली येईपर्यंत दिसतही नाहीत.