तारखांची चिठ्ठी

वाचकहो, या आठवड्यात वाचले किती म्हणाल, तर एकच कादंबरी, आणि तीही अर्धी! वाचनालयातून घरी आणली, मागची तारखांची चिठ्ठी पाहिली. शेवटचा शिक्का १९९८ सालचा!

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला, आनंदच आहे. पण १८९३ साली वि. ल. भावे यांनी सहकाऱ्यांसह ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय काढले, ते असल्या दर्जाची वाट पाहत बसले नाहीत. दर्जा सरकार देते, शिक्का मात्र वाचकामुळे उमटतो. मागणी नसलेले पुस्तक एक दिवस कपाटातून निघते, कधी रद्दीतही जाते.

तेव्हा येत्या शनिवारी असे एखादे विसरलेले पुस्तक घरी न्या बरे! माझी उरलेली अर्धी कादंबरी मी संपवून परत करतो. पुढची तारीख तुमची.